‘मागे’चे बटण आणि रक्तदाबाचा आकडा

शिरगावच्या एक मावशी गेली अनेक वर्षे रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी आमच्या सरकारी रुग्णालयात येतात. गेल्या खेपेला सोबत काकाही होते. त्यांच्या हातात वहीचा एक कागद. घरी रक्तदाबाचे नवे मशीन घेतले होते आणि पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ मोजून आकडे नीट लिहिले होते. 148, 152, 150... एकही आकडा 146च्या खाली नाही.

‘‘गोळी वेळेवर घेते, लोणचं-पापड बंद केलंय, तरी उतरत नाही बघा,’’ मावशी म्हणाल्या. मी दुसरी गोळी लिहायला पेन उचलले, पण आधी विचारले, ‘‘मशीन आणलंय का?’’ काकांनी पिशवीतून काढून दाखवले. दंडाला बांधायचा पट्टा, म्हणजे कफ, मध्यम मापाचा होता. त्यावरच छापले होते : दंडाचा घेर 22 ते 32 सेंटिमीटर. मावशींच्या दंडाला टेप लावली, तर घेर 36. पाच मिनिटे शांत बसवून आमच्याकडच्या मोठ्या कफने दोनदा मोजले. वरचा आकडा 138 आणि 136. दुसऱ्या गोळीची गरजच नव्हती.

कफ लहान असला की आकडा खोटा वाढतो, हे आम्हाला शिकवले जाते. 2023 मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात 195 जणांवर ते मोजून पाहिले गेले. मोठा कफ लागणाऱ्यांना नेहमीच्या मापाचा कफ बांधला, तर वरचा आकडा सरासरी 5 ने जास्त आला. त्याहून मोठा कफ लागणाऱ्यांमध्ये हा फरक जवळपास 20 पर्यंत गेला. अशा आकड्यावर विसंबून गोळी वाढवली, तर उठताना चक्कर येते. मावशींच्या वयात चक्कर येऊन पडणे म्हणजे कधी कधी खुब्याचे हाड मोडणे.

काका मात्र ओशाळले होते. ‘‘मी मोठ्या मापाचंच निवडलं होतं हो डॉक्टर. बोट कुठंतरी चुकलं असेल माझं.’’

ओपीडी संपल्यावर त्यांच्याच मोबाइलवर आम्ही पुन्हा ते दुकान उघडले. कफ ‘मोठा’ निवडला. इतरांचे अभिप्राय वाचायला आत गेलो आणि ‘मागे’ दाबले. पान तेच, मशीन तेच, पण निवड आपोआप ‘मध्यम’वर आलेली. करड्या, बारीक अक्षरांत. पुन्हा ‘मागे’ दाबले, तर मघाची यादी गायब आणि समोर सवलतींच्या जाहिराती. काकांचे बोट चुकले नव्हते. त्यांनी निवडलेले माप दुकानाने परस्पर पुसले होते.

असे का होते? ब्राउझर आपण पाहिलेल्या पानांची एकावर एक चळत ठेवतो. ‘मागे’ दाबले की वरचे पान काढून खालचे दाखवतो. पूर्वी प्रत्येक पान खरोखर वेगळे असे. आता बहुतेक दुकाने एकाच पानात मजकूर बदलत राहतात आणि त्या चळतीत काय नोंदवायचे, हे संकेतस्थळाचा प्रोग्रॅम ठरवतो. निवडलेले माप, लावलेली चाळणी, यादीत आपण कुठवर आलो होतो, हे त्याने नोंदवले नाही, तर ‘मागे’ गेल्यावर सगळे पुसले जाते. हा झाला हलगर्जीपणा. काही ठिकाणी तर चळतीत मुद्दाम जादा पान घुसवतात, म्हणजे बाहेर पडू पाहणारा माणूस पुन्हा जाहिरातींपुढे येऊन पडतो.

तरुण माणूस चिडतो आणि दोन मिनिटांत सावरतो. साठीनंतरचे शरीर वेगळे असते. जवळचे दिसायला चष्मा लागतो, मोतीबिंदू असेल तर पांढऱ्यावरची करडी अक्षरे विरून जातात, बोट थरथरले तर शेजारचे बटण दाबले जाते. शिवाय काम चालू असताना चार गोष्टी ध्यानात धरून ठेवणारी स्मृती मुळातच तोकडी असते आणि वयाबरोबर आणखी आखडते. मध्येच पान उडाले की ‘माप निवडून झालं’ एवढेच आठवते. ते टिकले की नाही, हे पुन्हा तपासावे, असे कुणाला सुचणार?

कपड्याचे माप चुकले तर कपडा परत करता येतो. इथे चुकलेल्या मापावर औषध ठरते. 1 एप्रिल 2020 पासून आपल्याकडे सर्व वैद्यकीय उपकरणे औषधांच्या कायद्याच्या कक्षेत आली आहेत. मग ती विकणाऱ्या पानांची शिस्तही तशीच हवी. ग्राहकाने निवडलेले माप त्याच्या संमतीशिवाय बदलता कामा नये आणि पैसे भरण्याआधी ते ठळक, मोठ्या अक्षरांत दिसले पाहिजे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी ऑनलाइन फसवणुकीच्या 13 क्लृप्त्यांवर बंदी घातली. खोटी घाई करणे, टोपलीत न मागता वस्तू टाकणे, महत्त्वाची माहिती झाकणे हे त्यात आहे. ‘मागे’चा रस्ता बिघडवणे मात्र त्या यादीत वेगळे नोंदलेले नाही. ते यायला हवे. निदान आरोग्याच्या वस्तूंसाठी तरी.

तोवर आपणच सावध राहू. मशीन मागवण्याआधी खांदा आणि कोपर यांच्या मधोमध दंडाचा घेर शिंप्याच्या टेपने मोजा आणि कागदावर लिहून ठेवा. ब्राउझरमध्ये एखादी वस्तू पाहायची असेल, तर तिच्यावर बोट दाबून धरा आणि ती नव्या टॅबमध्ये उघडा. पाहून झाल्यावर तो टॅब बंद करा. यादी जागेवर राहते, ‘मागे’ची गरजच पडत नाही. पैसे भरण्याआधी माप, नग आणि रक्कम मोठ्याने वाचा, शक्य तर घरातल्या दुसऱ्या माणसाला ऐकवा. मशीन आले की कफवरचा छापील घेर आपल्या कागदाशी ताडून पाहा आणि एकदा ते डॉक्टरांकडे नेऊन आकडे जुळवून घ्या. माप चुकले तर लगेच परत करा. दुकान दाद देत नसेल, तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा.

आणि माझ्या व्यवसायबंधूंना एक विनंती : घरचे आकडे पाहून गोळी वाढवण्याआधी कफ एकदा डोळ्यांनी पाहा. त्या दिवशी मी मशीन मागितले म्हणून बरे. रांगेत अजून साठ माणसे होती. विचारायचे राहूनही गेले असते.

काकांनी आता मोठा कफ तळेगावच्या दुकानातून, हाताने चाचपून आणला आहे. मावशींची गोळी पूर्वीचीच, एकच आहे.