भाऊ, स्पर्धा जरूर घ्या. पण आधी नियमांचं पुस्तक वाचा

मित्रांनो, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

चार दिवसांपासून गावातल्या तीन-चार ग्रुपवर एक व्हिडिओ फिरतोय. एक अमेरिकन माणूस रिव्हॉल्व्हर उचलतो आणि एका सेकंदात आठ गोळ्या झाडतो. खाली लिहिलंय, 'याला म्हणतात वाघ!' त्याच्या पाठोपाठ दुसरा मेसेज आला. भाऊंच्या वाढदिवसाला यंदा टेनिस बॉल क्रिकेटऐवजी 'परवानाधारक रिव्हॉल्व्हर नेमबाजी स्पर्धा' घ्यायची. जागा गावाबाहेरचा माळ. पहिलं बक्षीस बुलेट गाडी. नियम एकच, परवाना स्वतःच्या नावाचा पाहिजे.

भाऊंचं नाव घेत नाही. घ्यायची गरजही नाही, कारण प्रत्येक तालुक्यात एक भाऊ असतात आणि त्यांच्या कमरेला एक रिव्हॉल्व्हर असतं. मी फक्त त्या 'नियम एकच' या दोन शब्दांवर बोलणार आहे.

व्हिडिओतल्या वाघाचं नाव जेरी मिक्युलेक. अमेरिकेतल्या लुइझियानाचा. १९९९ साली त्याने एका लक्ष्यावर आठ गोळ्या बरोबर १ सेकंदात मारल्या. त्याच वर्षी सहा गोळ्या, मग रिकामं रिव्हॉल्व्हर परत भरून आणखी सहा, हे सगळं २.९९ सेकंदांत केलं. माणूस थोरच आहे, वाद नाही. पण तो ज्या खेळात वाढला तो खेळ आपल्या पोरांनी कधी वाचला का?

त्या खेळाला प्रॅक्टिकल शूटिंग म्हणतात. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात कोलंबिया गावी त्याची जागतिक संघटना उभी राहिली, जेफ कूपर तिचे पहिले अध्यक्ष. एका जागी उभं राहून गोल कागदावर नेम धरायचा, असा हा खेळ नाही. पळायचं, आडोशाआडून मारायचं, वाटेत भरायचं. मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागायचं, जो आकडा येईल तो तुमचा. म्हणजे नुसता वेग चालत नाही आणि नुसता नेमही चालत नाही.

आणि त्यात रिव्हॉल्व्हरवाल्यांचा वर्ग वेगळा. कारण उघड आहे. पिस्तुलात दहा-पंधरा गोळ्यांचं मॅगझिन बसतं, रिव्हॉल्व्हरच्या चक्रात सहा. दोघांना एका पंगतीत बसवलं तर एकाच्या ताटात कायम कमीच पडणार. म्हणून वेगळा वर्ग, आणि त्या वर्गात कुठलं हत्यार चालेल याचे वेगळे नियम. गोळीचा व्यास किमान ९ मिलिमीटर पाहिजे. झटका कमी करायला नळीला भोकं पाडलेली किंवा पुढे नळकांडं लावलेलं चालणार नाही.

मग येतो जोराचा हिशोब. गोळीचं वजन ग्रेनमध्ये, वेग सेकंदाला किती फूट, दोन्हींचा गुणाकार करून हजाराने भागायचं. अमेरिकेच्या संघटनेत हा आकडा किमान १२५ लागतो, त्याला 'मायनर' म्हणतात. १६५ च्या वर गेला की 'मेजर'. फरक कुठे पडतो? नेम अगदी मध्यावर बसला तर दोघांनाही ५ गुण. जरा बाजूला गेला तर मेजरवाल्याला ४, मायनरवाल्याला ३. आणखी बाहेर गेला तर एकाला २, दुसऱ्याला १. जोरदार गोळीला धक्का जास्त, सावरायला वेळ जास्त, म्हणून तिला चुकीची सवलत जास्त. किती साधा न्याय आहे बघा.

आणि हा आकडा कुणाच्या तोंडावर विश्वास ठेवून लिहीत नाहीत. स्पर्धेत तुमच्याच काडतुसांतून नमुना काढून घेतात, गोळी तराजूत घालतात, वेग यंत्रावर मोजतात. मेजर म्हणून सांगितलं आणि आकडा भरला नाही तर मायनरचे गुण. १२५ सुद्धा भरला नाही तर खेळा खुशाल, पण निकालात तुमचे गुण धरणार नाहीत. तिथे कुणी 'ओळखलं नाही का मला' म्हणत नाही.

आता यातला सगळ्यात बोलका वाद सांगतो. अमेरिकेत कितीतरी वर्षं नियम होता, सहा गोळ्या झाल्या की भरायचं. चक्रात आठ बसत असल्या तरी सहाच. त्याच हिशोबाने लोकांनी .४५ ची सहा गोळ्यांची रिव्हॉल्व्हरं घेतली. पत्र्याच्या चांदणीसारख्या चकतीत सहाच्या सहा काडतुसं अडकवून एका झटक्यात भरायची, या मून क्लिपवर हात बसवला. पण स्पर्धेची आखणी होते ती एका जागेवरून जास्तीत जास्त आठ गोळ्या माराव्या लागतील या बेताने. चार लक्ष्यं, प्रत्येकी दोन. पिस्तूलवाला आठ मारून पळत पुढे. रिव्हॉल्व्हरवाला तीन लक्ष्यं मारून रिकामा, चौथ्यासाठी जागेवर उभा राहून भरत बसलेला. मग २०१४ मध्ये नियम बदलला. आठ मारायच्या तर मारा, पण गुण मायनरचे. मेजरचे गुण हवेत तर सहाच.

चांगला बदल की वाईट? माझं मत विचाराल तर बदल रास्त होता, पण फुकटचा नव्हता. ज्याने आयुष्यभर सहावर हात बसवला, त्याच्यासमोर एका रात्रीत आठवाला उभा राहिला. नवं हत्यार घ्यायचं तर खिशाला खड्डा. जुनं ठेवायचं तर आठच्या जागेवर मागे पडायचं. तरी एक गोष्ट लक्षात घ्या. जुन्याला बाहेर काढलं नाही, त्याची मेजरची सवलत शाबूत ठेवली. आणि फक्त रिव्हॉल्व्हरवाल्यांची जी वेगळी संघटना आहे, तिने तर सहा गोळ्यांसाठी स्वतंत्र वर्गच ठेवलेत. त्यातल्या एकात मून क्लिपसुद्धा बंद. म्हणजे आजोबांच्या काळचं हत्यार घेऊन आलेल्यालाही त्याच्या बरोबरीचाच गडी मिळतो.

दोन काडतुसं, मित्रांनो. फक्त दोन काडतुसांच्या फरकासाठी त्यांनी नियम लिहिला, आधी जाहीर केला आणि सगळ्यांना सारखा लावला. आणि आपण माळावर स्पर्धा घेणार, नियम एकच!

आता भाऊंच्या कमरेकडे येऊ. आपल्याकडे सामान्य परवान्यावर बहुतेकांकडे असतं ते .३२ चं रिव्हॉल्व्हर. २०१४ मध्येच कानपूरच्या सरकारी कारखान्याने 'निर्भीक' नावाचं .३२ आणलं, किंमत सव्वा लाखाच्या घरात, तेव्हा मीही बातमी केली होती. या .३२ ची गोळी साधारण ९८ ग्रेनची, वेग सेकंदाला ७०० फुटांच्या आसपास. करा गुणाकार, भागा हजाराने. ६९ सुद्धा धड येत नाही. लागतात १२५. व्यासही आठ मिलिमीटरच्या आत. म्हणजे ज्या वाघाचा व्हिडिओ भाऊ फिरवतायत, त्याच्या खेळात भाऊंचं हत्यार दारातूनच परत पाठवतील. आणि त्या खेळाचा जो किमान व्यास, त्यातली ९ एमएमची सर्व्हिस गोळी चालवणारं हत्यार आपल्या कायद्यात प्रतिबंधित वर्गात मोडतं.

यात .३२ वाल्यांची टिंगल नाही. ते हत्यार स्वसंरक्षणासाठी दिलंय, स्पर्धेसाठी नाही, एवढंच सांगतोय.

नियम हत्यारापाशी थांबत नाहीत. कातडी म्यान कमरेच्या पट्ट्यालाच पाहिजे. खांद्याला अडकवलेलं, मांडीला बांधलेलं चालत नाही. सरळ उभं राहिल्यावर म्यानातल्या नळीचं तोंड पायापासून तीन फुटांच्या आतच रोखलेलं पाहिजे. मैदानावर हत्यार रिकामं, पंचाने सांगितल्याशिवाय हात लावायचा नाही. पळताना बोट चापावर दिसलं, बाद. भरताना बोट आत गेलं, बाद. नळी मागे वळली, बाद. हत्यार हातातून पडलं, बाद. दिवसभर पहिला असलात तरी सामान गोळा करा आणि घरी जा. मिक्युलेकलाही हेच कलम. एका सेकंदात आठ गोळ्या मारणारा हात या शिस्तीतून तयार झालाय, कॅप्शनमधून नाही.

काहीजण म्हणतील, 'तुम्हा पत्रकारांना सगळ्यातच खोट दिसते. गावात खेळ वाढतोय तर वाढू द्या.' खेळाला विरोध नाही हो. राधानगरीच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफलमध्ये कांस्य घेतलं, तेव्हा याच चौकात मी पेढे वाटले. पण त्याच्या खेळातही रायफलचं वजन, जॅकेटची जाडी, बुटाचा तळ मोजूनच मैदानात सोडतात. खेळ म्हणजे मोजमाप. मोजमाप काढून घेतलं की उरतो तो फक्त बार.

आणि बाराचं काय होतं ते मला माहितीये. आजवर कुठे लिहिलं नाही, आज लिहितो.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. डिप्लोमा करून एका पेपरला तालुका बातमीदार होतो. एका बड्या घरची वरात होती. एकाने हौसेने रिव्हॉल्व्हर काढलं, वर बार टाकले. तिसऱ्या बाराला हात खाली आला. बँडच्या पुढे डोक्यावर लाइट घेऊन चालणारा सतरा-अठरा वर्षांचा पोरगा मांडी धरून खाली बसला. मी दहा फुटांवर होतो. रात्री फोन आला, 'फटाक्याने भाजला असं लिहा, पोराचा खर्च आम्ही बघतो.' मी तसंच लिहिलं. चार ओळी. 'वरातीत फटाक्यामुळे युवक जखमी.' पोरगा वाचला, पण पाय ओढतच चालतो. आजही बाजारात दिसतो. मला 'नमस्कार साहेब' म्हणतो. त्याला माहिती नाही की त्या चार ओळी माझ्या होत्या.

म्हणून 'नियम एकच' वाचलं की माझं डोकं फिरतं.

आता कायदा काय म्हणतो तेही ऐका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर लग्नात, मिरवणुकीत, समारंभात आनंदाच्या भरात गोळीबार करून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि २०१६ च्या नियमांत परवान्यासाठी शस्त्र हाताळणीचं प्रशिक्षण घातलंय. माझा साधा प्रश्न आहे. आपल्या तालुक्यातल्या किती परवानाधारकांनी ते खरंच घेतलं, आणि किती जणांचा फक्त कागद आला? यासाठी मी उद्या रीतसर माहिती अधिकारात अर्ज टाकतोय. उत्तर आलं की इथेच टाकेन, जसंच्या तसं.

भाऊंना जाहीर विनंती. माळावरची स्पर्धा रद्द करा. बुलेटच्या पैशात शाळेतल्या पोरांसाठी चार एअर रायफली आणि दहा मीटरची एक बंदिस्त रेंज होते का ते बघा, जिल्ह्याच्या नेमबाजी संघटनेतल्या जाणकाराला बोलवा. रीतसर परवानगी काढा, तुमचंच नाव फलकावर लावा, उद्घाटनाची बातमी मी पहिल्या पानासाठी पाठवतो. आणि तरीही रिव्हॉल्व्हरचीच हौस असेल, तर आधी ते पुस्तक वाचा. वाचून झाल्यावर सांगा, आपल्यातले किती जण पहिल्या पाच मिनिटांत बाद होतील. मी माझं नाव यादीत सगळ्यात वर लिहितो.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर कमेंटमध्ये या, घरी या, चहा पाजतो. फक्त येताना कमरेचं कपाटात ठेवून या.