डोंगरालाही तत्काळ कोटा हवा

बे एरियातल्या मराठी मंडळींचे उन्हाळी वीकएंड दोन प्रकारचे असतात. पहिल्या प्रकारात जानेवारीतच एक एक्सेल शीट फिरायला लागते. पाच कुटुंबं, दोन व्हॅन, योसेमिटी, तंबू कोणाचा, पावभाजीचा मसाला कोण आणणार वगैरे. जुलै उजाडेपर्यंत त्यातली दोन कुटुंबं गळतात, एकाची रिलीज पुढे गेलेली असते, एकाचे आईबाबा भारतातून आलेले असतात. तरीही उरलेले जातातच, कारण पैसे भरलेत! दुसऱ्या प्रकारात शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला फोन येतो, "अरे, उद्या काय करतोयस? डोंगरात जायचं का?"

मी दुसऱ्या प्रकारातला. आणि लोक याला सरळ आळस म्हणतात म्हणून हा पोस्ट.

आमच्या धंद्यात लेट बाइंडिंग म्हणून एक प्रकार आहे. निर्णय जितका उशिरा घेता येईल तितका उशिरा घ्यायचा, कारण तोपर्यंत माहिती जास्त जमा झालेली असते. कॅलिफोर्नियाच्या उन्हाळ्याला हे तंतोतंत लागू पडतं. जानेवारीत बसून जुलैतल्या वणव्याचा धूर कुठे जाईल हे कोण सांगणार? २०२१ च्या ऑगस्टमध्ये काल्डोरचा वणवा लेक टाहोच्या दिशेने सरकला, साउथ लेक टाहो गाव रिकामं करावं लागलं आणि लेबर डेच्या तोंडावर कॅलिफोर्नियातली राष्ट्रीय वनं काही दिवस सरसकट बंद झाली. कित्येकांचं महिनोन् महिने आधी केलेलं बुकिंग धुरात गेलं. याउलट शुक्रवारी संध्याकाळी आपल्या हातात उद्याचं तापमान असतं, हवेची स्थिती असते, कुठला रस्ता बंद आहे तेही असतं. मग बेजबाबदार कोण? मी की एक्सेल शीट?

या अशा अचानक निघण्यासाठी नॅशनल पार्क कामाचं नाही. योसेमिटीला २०२० ते २०२२ आणि पुन्हा २०२४, २०२५ च्या उन्हाळ्यात नुसतं आत शिरायलाही (निदान गर्दीच्या वेळी) आरक्षण लागत होतं. म्युर वुड्सला २०१८ पासून पार्किंगसुद्धा आधी बुक करावं लागतं. म्हणून स्टेट पार्क. पुण्यातल्या वाचकांसाठी: 'पार्क' म्हटलं की डोळ्यांसमोर संभाजी बाग आणि भेळ आणू नका. राज्य सरकारने राखलेले अख्खे डोंगर, जंगलं, दऱ्या, असे अडीचशेच्या वर आहेत इथे. दारात दहा डॉलरच्या आसपास द्यायचे आणि दिवसभर हिंडायचं.

माझं सगळ्यात लाडकं म्हणजे कॅलाव्हेरस बिग ट्रीज. सॅन होजेहून साधारण तीन तास. पहाटे सहाला निघालं की वाटेत सेंट्रल व्हॅलीत भाजून निघण्याआधीच आपण वर पोचतो. उंची ४,७०० फूट. दर हजार मीटरला हवा साधारण साडेसहा अंशांनी गार होते, म्हणजे दुपारी खाली चाळीस असेल तर वर तिशीच्या आसपास, आणि त्यात सेकोयाची सावली. इथल्या एका अजस्र झाडाला १८५३ मध्ये लोकांनी भोकं पाडपाडून आडवं केलं, त्याला म्हणे बावीस दिवस लागले. मग त्याच्या बुंध्यावर नाच व्हायचे! तो चोवीस-पंचवीस फूट रुंद बुंधा अजून तिथे आहे. त्यावर उभं राहिल्यावर नाचावंसं काही वाटत नाही, हे आपलं माझं मत. दुपारी स्टॅनिस्लॉस नदीच्या गार पाण्यात पाय सोडून ठेपले खायचे आणि रात्री दहापर्यंत घरी.

आता गाऱ्हाणं. दिवसाचं ठीक आहे, पण वर मुक्काम करायचा म्हटलं की संपलं. कॅलिफोर्निया स्टेट पार्कमधल्या बहुतेक तंबूच्या जागा सहा महिने आधी सकाळी आठला खुल्या होतात आणि लोकप्रिय पार्कातले उन्हाळ्यातले शनिवार बघता बघता उडतात. वर पुन्हा ज्यांनी जागा पकडलेली असते त्यातले काही उगवतच नाहीत. म्हणजे सिस्टीम म्हणते 'फुल' आणि तंबूची जागा रिकामी. हा शुद्ध बग आहे.

'आधी येईल त्याला जागा' हाही उपाय नाही, हे मला मान्य आहे. त्यात गुरुवारीच सुट्टी टाकू शकणारा जिंकतो. सहा महिन्यांच्या पद्धतीत ज्याला आपलं जुलैचं वेळापत्रक जानेवारीत माहीत आहे तो जिंकतो. हॉस्पिटलातली नर्स, हॉटेलात शिफ्टवर काम करणारा, ऑन-कॉल असलेला इंजिनिअर, मागच्याच महिन्यात या देशात आलेलं कुटुंब, हे सगळे दोन्हीकडे हरतात. आणि पार्क चालतं ते त्यांच्याही करातून.

आपल्या रेल्वेने हा प्रश्न कधीच ओळखलाय. काही जागा राखून ठेवायच्या आणि प्रवासाच्या आदल्या दिवशी सोडायच्या: तत्काळ. (एजंट आणि बॉट्सबद्दल मला सांगू नका, मीही दहाच्या ठोक्याला कॅप्चा भरलेला माणूस आहे.) शिवाय २०२४ च्या नोव्हेंबरपासून रेल्वेने आगाऊ आरक्षणाची मुदतच १२० दिवसांवरून ६० वर आणली. फार आधी काढलेली तिकिटं रद्द होतात, माणसं येत नाहीत, हे त्यामागचं एक कारण. इथेही प्रत्येक पार्कात पाचातली एक जागा शुक्रवार सकाळपर्यंत राखून ठेवा आणि मग सोडत काढा. बोट ज्याचं सगळ्यात वेगवान त्यालाच जागा, असं नको. एका दुपारच्या कोडचं काम आहे. ठीक आहे, टेस्टिंग धरून एका स्प्रिंटचं.

तोपर्यंत माझ्या गाडीच्या डिकीत एक पिशवी कायम भरलेली असते: पाणी, टोपी, जाड जॅकेट, टॉर्च, कागदी नकाशा. वर फोनला रेंज नसते आणि गूगल मॅप्स ऐनवेळी हात वर करतं. तरी आळसच म्हणणाऱ्यांनी एकदा डॉनर मेमोरियल स्टेट पार्कला जाऊन यावं. १८४६ साली एका नव्या शॉर्टकटच्या नादी लागून उशीर झालेला बैलगाड्यांचा तांडा तिथे बर्फात अडकला आणि त्यातले निम्मे जेमतेम वाचले. तिथल्या स्मारकाचा चौथरा बावीस फूट उंच आहे, त्या हिवाळ्यात बर्फ तेवढं चढलं होतं म्हणून. आणि ती मंडळी काही शुक्रवारी संध्याकाळी ठरवून निघालेली नव्हती, महिनोन् महिने तयारी करून निघाली होती :)