हृदयविकार आणि हुद्दा

हृदयविकार हा साहेबांचा रोग, ही समजूत आपल्या शहरी समाजातून अद्याप पुरती गेलेली नाही. जबाबदारीचे ओझे, मेजवान्या आणि मोटारीतून हिंडणे यांचा तो दंड आहे, शिपायाला वा कारकुनाला त्याची बाधा सहसा व्हावयाची नाही, असे अनेकजण धरून चालतात.

लंडनच्या व्हाइटहॉलमधील सरकारी नोकरांच्या पाहणीने हा समज केव्हाच खोटा ठरविला आहे. १९६७ साली तेथील सुमारे १८,००० पुरुष नोकरांची तपासणी सुरू झाली. साडेसात वर्षांनी हिशेब मांडला, तेव्हा सर्वांत खालच्या श्रेणीतील नोकरांत हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या तिपटीहून अधिक भरले. यांपैकी कोणी उपाशी नव्हता, बेकार नव्हता. वैद्यकीय उपचार तर तेथे १९४८ पासून सर्वांस सरकारी खर्चाने मिळत आले आहेत. खालच्या श्रेणीत धूम्रपान अधिक होते, हे खरे. परंतु धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल हे सारे जमेस धरूनही निम्म्याहून अधिक तफावत उरलीच. १९८५ साली स्त्रियांसह आरंभिलेल्या दुसऱ्या पाहणीत त्या तफावतीचे एक मोठे कारण हाती लागले : आपल्या कामावर आपला काडीचाही ताबा नसणे.

हे लंडनचे झाले. आपल्याकडे तर दुखणे लवकर गाठते. बावन्न देशांतील रुग्णांच्या अभ्यासातून २००७ साली जे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, त्यांनुसार दक्षिण आशियातील रुग्णांना पहिला झटका इतरांपेक्षा सुमारे सहा वर्षे आधी, त्रेपन्नाव्या वर्षाच्या आसपास येतो.

तंबाखू सोडा, मीठ कमी करा, रोज चाला, हा डॉक्टरांचा उपदेश यथार्थच आहे, आणि तो न मानणाऱ्या सुशिक्षितांची आम्ही मुळीच कड घेणार नाही. परंतु कसाऱ्याहून पहाटेची गाडी गाठून रात्री परतणाऱ्याने चालावयाचे केव्हा? आणि चालावयाचे कोठे, पदपथ तर दुकानांनी व मोटारींनी व्यापलेले! ज्या कंत्राटी नोकराची पाळी आदल्या रात्री बदलते, त्याने वेळेवर जेवावे आणि झोपावे कसे? सवयी माणसाच्या असतात खऱ्या. त्या जडतात मात्र कामाच्या तासांतून, मिळकतीतून आणि वस्तीतून.

पालिकेने पदपथ मोकळे करावेत, मालकांनी पाळ्यांचे वेळापत्रक निदान महिनाभर आधी लावावे, या मागण्या आम्ही आरोग्याच्याच समजतो. आणखी एक. अनेक कचेऱ्यांत वार्षिक तपासणीची सोय वरिष्ठांना आधी लाभते. व्हाइटहॉलचे आकडे पाहता त्या यादीत पहिले नाव शिपायाचे का असू नये, हे आम्हांला कचेरीप्रमुखांकडून ऐकावयाचे आहे.