तळघराच्या जमिनीवरील पांढरे डाग

पावसाळा ओसरला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एक तक्रार हमखास असते. तळघरातील सिमेंटच्या जमिनीवर पांढरा थर धरतो, घासला की जातो आणि पंधरा दिवसांत पुन्हा उगवतो. यंदाही उज्जैनच्या तीन-चार घरांतून अशी पत्रे आली आहेत. एका भगिनीने तर लिहिले आहे की, शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून तेजाबाची बाटली आणून ठेवली आहे, तुमचे उत्तर आले की ओतू. त्यांना आमची पहिली विनंती ही, की ती बाटली तूर्त बंदच राहू द्यावी.

हा डाग वरून सांडलेला नसतो, खालून आलेला असतो. माळव्याची काळी माती पावसाचे पाणी महिनोन्‌महिने धरून ठेवते. ते पाणी मातीतले व खालच्या काळ्या खडकातले क्षार घेऊन सिमेंटच्या सूक्ष्म छिद्रांतून वर चढते. पाणी हवेत उडून जाते आणि क्षार मागे राहतात. यालाच आपण लोणा म्हणतो. ज्यांच्याकडे बोअरचे जड पाणी आहे आणि पंप वा टाकी तळघरात आहे, त्यांच्याकडे गळतीचीही भर पडते.

लोणा कोणत्या जातीचा, हे घरच्या घरी कळते. थरावर साधे पाणी टाकले आणि तो विरघळला, तर ते विद्राव्य क्षार होत. विरघळला नाही, पण लिंबाच्या रसाने बारीक फेस आला, तर तो चुना. सिमेंटमधलाच चुना पाण्याबरोबर वर येऊन हवेशी संयोग पावतो व दगडासारखा घट्ट बसतो.

पहिल्या प्रकाराला पाणी लावूच नये! बहुतेक घरांत नेमके उलटे होते. बादलीभर पाणी ओतून जमीन धुतली, की क्षार विरघळून पुन्हा सिमेंटमध्ये शिरतात आणि वाळताच वर येतात. कोरड्या, ताठ ब्रशाने थर खरवडावा, सुपलीत भरावा आणि घराबाहेर टाकावा. ब्रश तारेचा नसावा. तारेचे कण जमिनीत रुतून पुढे गंजतात.

चुन्याच्या थराला मात्र आंबट पदार्थ लागतो. एक लिटर पाण्यात सुमारे ५० ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवावे. आधी जमीन साध्या पाण्याने ओली करावी, म्हणजे आंबट पाणी खोल न जिरता वरच्या थरावरच काम करते. पाच-दहा मिनिटांनी घासून, फडक्याने टिपून, दोनदा स्वच्छ पाण्याने पुसावे. शेवटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याचा एक हात फिरवून पुन्हा टिपून घ्यावे. थर जाड असेल तर हे दोन-तीनदा करावे लागेल. मात्र जमीन कोटा, शहाबादी वा संगमरवरी असेल, तर लिंबूसत्त्वही नको. हे दगड स्वतःच चुन्याचे असतात, डागाबरोबर त्यांची झिलईही जाते.

आता ती बाटली. तेजाबाला चुन्याचा डाग आणि सिमेंट यांत भेद करता येत नाही. ते दोन्ही खाते. जमीन खडबडीत होते, छिद्रे मोठी होतात आणि पुढच्या वर्षी लोणा दुप्पट येतो. त्याहून गंभीर गोष्ट अशी, की त्या जागेवर आधी ब्लीचिंग पावडर पडलेली असेल, तर तेजाबाशी संयोग होऊन क्लोरीन वायू सुटतो. तो हवेहून जड असल्याने तळघरात साचून राहतो. एकच अरुंद जिना असलेल्या खोलीत खाली वाकून घासणाऱ्या माणसाच्या जिवावर बेतण्यास तेवढे पुरे होते. मोलकरणीच्या हाती बाटली देऊन आपण वर येणाऱ्यांनी याचा विचार करावा.

पाणी व घासणे यांचा हिशोब या नगरीला नवा नाही. महाकालेश्वराचे गर्भगृहही जमिनीच्या पातळीखाली आहे. लिंगाची झीज होत असल्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला, तेव्हा तज्ज्ञांनी पाहणी केली. २०१७ साली जलाभिषेकासाठी आर.ओ.चे शुद्ध केलेले पाणी, तेही दर भाविकामागे अर्धा लिटर, असे ठरले आणि २०२० च्या निकालाने भाविकांनी लिंग घासण्यास मनाई झाली. दगड दगडच असतो, देवाचा असो की घराचा.

ओल खालून येते की नाही, हे पाहण्याची एक सोपी युक्ती आहे. हातभर लांब-रुंद प्लॅस्टिकचा तुकडा कोरड्या जमिनीवर चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट चिकटवून रात्रभर ठेवावा. सकाळी प्लॅस्टिकखाली थेंब दिसले, तर ओल जमिनीतूनच येत आहे. मग आधी छपराचे पाणी भिंतीपासून दूर न्यावे, अंगणाचा उतार बाहेरच्या दिशेने करावा, टाकीची गळती थांबवावी. तळघराला झरोका असल्यास तो उघडा ठेवावा. पुष्कळ घरांत तो उंदरांच्या भीतीने बुजवलेला असतो, तेथे जाळी बसवावी.

जुन्या वाड्यांत राहणाऱ्यांना एक सांगणे अधिक. शिंद्यांची राजधानी १८१० साली ग्वाल्हेरकडे गेली, पण त्या काळच्या वळणाची चुन्या-मातीची घरे काही कुटुंबांनी अजून राखली आहेत. मातीची जमीन ओल हळूहळू हवेत सोडत असे. तिच्यावर सिमेंट आले, आणि आता डाग झाकण्यासाठी त्यावर टाईल्स वा तेलरंग लावण्याचे बेत चालतात. जमीन अशी बंद केली, की ओल भिंतीचा पाया धरून वर चढते आणि चुन्याचा गिलावा सुटू लागतो. जमिनीवरचा डाग डोळ्यांना खुपतो एवढेच; भिंतीतला लोणा वाडा पोखरतो. अशा घरी टाईल्सचा खर्च तूर्त टाळावा.

लोखंडी पेट्यांखाली पडणारी तांबूस वलये गंजाची असतात. त्यांवर लिंबूसत्त्वाचा दाट लेप अर्धा तास ठेवून पुसावा, आणि पेटी परत ठेवताना खाली लाकडी फळ्या घालाव्यात.