सायलेन्सरवर रोलर, दुकानाकडे पाठ

पुण्याच्या वेताळ टेकडीवर एआरएआय ही संस्था आहे. देशात विकायला येणाऱ्या वाहनांचा धूर आणि आवाज मोजून त्यांना प्रमाणपत्र देणाऱ्या मोजक्या संस्थांपैकी ती एक. मोटरसायकलच्या आवाजाची चाचणी कशी होते, हे एकदा समजून घेण्यासारखे आहे. मोकळ्या ट्रॅकच्या मध्यरेषेपासून साडेसात मीटरवर दोन्ही बाजूंना मायक्रोफोन लावतात. गाडी ठरलेल्या वेगाने येते आणि वीस मीटरच्या पट्ट्यात शिरताच चालक थ्रॉटल पूर्ण पिळतो. त्या क्षणी ८० सीसीपर्यंतच्या गाडीचा आवाज ७५ डेसिबलच्या, १७५ सीसीपर्यंत ७७ च्या आणि त्यापुढे ८० च्या वर जाता कामा नये. गेला, तर ते मॉडेल बाजारात येत नाही.

आणि त्याच टेकडीच्या पायथ्याशी रात्री अकरा वाजता एखादी बुलेट फाडफाड करत जाते. ही गाडीसुद्धा चाचणी उत्तीर्ण झालेलीच असते. शोरूममधून घरी गेल्यावर तिचा सायलेन्सर बदललेला असतो, एवढेच.

मोटरसायकलच्या धूर-आवाजाचे आपल्याकडचे नियम हे असे दोन तुकड्यांत जगतात. कारखान्याच्या दारापर्यंत ते कडक आणि परिणामकारक आहेत. दाराबाहेर त्यांची जबाबदारी नेमकी कोणाची, हे ठरलेलेच नाही.

आधी पहिल्या तुकड्याला त्याचे श्रेय द्यायला हवे. १९९६ मध्ये दुचाकीला दर किलोमीटरमागे हायड्रोकार्बन आणि नायट्रोजन ऑक्साइड मिळून ३.६ ग्रॅम बाहेर टाकण्याची मुभा होती. २००० मध्ये ती २ ग्रॅमवर आली, २००५ मध्ये दीडवर, २०१० मध्ये एकवर. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस (भारत स्टेज) ६ मध्ये हायड्रोकार्बनला ०.१ आणि नायट्रोजन ऑक्साइडला ०.०६ ग्रॅम एवढीच जागा उरली. मधल्या काळात चाचणीची पद्धत बदलली, म्हणून आकड्यांची थेट तुलना काटेकोर ठरणार नाही. पण उतरण किती मोठी आहे, ते दिसते. पेट्रोलमधले गंधकही दशलक्ष भागांत ५० वरून १० वर आले.

या उतरणीत लाडकी माणसे गमवावीत तशा काही गाड्या गेल्या. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलबरोबर तेलही जळते आणि ताज्या मिश्रणाचा काही भाग न जळताच बाहेर पडतो. ती रचनाच नियमांत बसेना. यामाहा आरएक्स १०० चे उत्पादन १९९६ मध्ये थांबले. आज नीट जपलेल्या आरएक्सला लोक लाखाच्या घरात पैसे मोजतात. रॉयल एनफिल्डच्या ५०० सीसी गाड्या बीएस ६ च्या उंबरठ्यावर थांबल्या. हळहळ खरी आहे. पण पेट्रोल पंपावर टू-टी ऑइल घालून घेणाऱ्या स्कूटर-रिक्षांच्या रांगा आणि सिग्नलला साचलेला तो निळसर धूर ज्यांनी छातीत भरून घेतला आहे, त्यांनी ते दिवस परत मागू नयेत.

कंपन्यांनाही न्यायालयाने सोडले नाही. २९ मार्च २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बीएस ३ वाहनांची विक्री आणि नोंदणी तीनच दिवसांनी, १ एप्रिलपासून बंद केली. तेव्हा सुमारे सव्वाआठ लाख वाहने विक्रीविना पडून होती आणि त्यांत पावणेसात लाखांच्या आसपास दुचाकी होत्या. पुढचे दोन दिवस देशभरातल्या शोरूमसमोर झुंबड उडाली. काही मॉडेल्सवर २२ हजारांपर्यंत सूट जाहीर झाली. लोकांचे आरोग्य कंपन्यांच्या नफ्याहून मोठे, ही न्यायालयाची भूमिका योग्यच होती. पण स्वस्तात मिळाल्या म्हणून त्या गाड्या काही कमी धूर सोडणार नव्हत्या, आणि त्यांतल्या कित्येक आजही रस्त्यावर आहेत.

स्वच्छ गाडीचा खर्च मात्र ग्राहकानेच उचलला. बीएस ६ बरोबर साध्या शंभर सीसीची गाडीही सहा-सात हजारांनी महागली. कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आले, सायलेन्सरमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसला, सेन्सर आले. थंडीत चोक ओढून दहा किका मारण्याची कटकट संपली, हे चांगलेच. पण गावच्या नाक्यावरचा मेस्त्री, जो कानाने इंजिन ऐकून स्क्रू-ड्रायव्हरच्या पाव फेऱ्यात गाडी सुतासारखी सरळ करायचा, त्याच्या हातून निम्मे काम गेले. इंजिनाचा दिवा लागला की आता स्कॅनर लागतो, आणि तो बहुधा तालुक्याच्या ठिकाणच्या सर्व्हिस सेंटरमध्येच असतो. दूध घालायला किंवा कामावर जायला गाडी वापरणाऱ्याची अख्खी पाळी त्यात बुडते. नियम करताना या मेस्त्रीच्या प्रशिक्षणाचा विचार मागेच राहिला.

एवढा खर्च करून जी यंत्रणा गाडीत बसवली, ती बाजारात पाच-दहा मिनिटांत उतरवता येते. बुलेटच्या दुनियेत ‘इंदोरी’, ‘पंजाब’, ‘मेगाफोन’ ही सायलेन्सरची नावे पोराबाळांना पाठ आहेत. सायलेन्सरच्या टोकातली ‘डीबी किलर’ नावाची नळी काढली की आवाज आणखी मोकळा होतो. काही नळकांड्यांवर ‘फक्त रेसिंगसाठी’ असे छापलेले असते. विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही त्यातला विनोद कळतो. फटाका फोडण्याची युक्ती तर धूर आणि आवाज या दोन्ही नियमांना एकाच वेळी गाडते. चालत्या गाडीचा किल स्विच बंद करून थ्रॉटल पिळायचा, न जळलेले पेट्रोल तापलेल्या सायलेन्सरमध्ये जाऊ द्यायचे आणि स्विच पुन्हा चालू करायचा. जो धडाका होतो, तो त्या पेट्रोलचाच. कन्व्हर्टर अजून जागेवर असेल, तर त्याचीही वाट लागते.

यावर पोलिसांचे उत्तर म्हणजे रोलर. मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांत जप्त सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडून त्यांवरून रोलर किंवा बुलडोझर फिरवला गेला. छायाचित्रे झकास येतात. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर गाडीत बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, दर फेरफारामागे पाच हजारांचा दंड किंवा दोन्ही होऊ शकते. पण ज्या दुकानाने ते नळकांडे काउंटरवर टांगून विकले आणि ज्या गॅरेजने ते बसवून दिले, ते बहुतेक वेळा या चित्रात नसतातच. रोलर फिरल्याच्या दुसऱ्या दिवशी तोच सायलेन्सर तिथेच मिळतो.

शिवाय नाक्यावरचा हवालदार आवाज मोजतो कशाने? बहुधा कानाने. त्यात कंपनीचाच सायलेन्सर असलेली मोठी गाडी अडवली जाते आणि सफाईने बदललेली सुटते. ठरावीक काळाने ज्या पीयूसी केंद्रात गाडीने जायचे असते, तिथे नळीत प्रोब घालून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन तपासतात; आवाज कोणी विचारत नाही. आणि गाडी न नेताही पीयूसी मिळते, हे तर सगळ्यांना ठाऊक असलेले गुपित.

युरोपात हा प्रश्न सुटला आहे असे नाही, पण तिथे हातात एक आकडा आहे. उभ्या गाडीचा आवाज किती, हे नोंदणीच्या कागदावर छापलेले असते. म्हणूनच ऑस्ट्रियाच्या टिरोल प्रांताला २०२० च्या उन्हाळ्यात रॉयटे जिल्ह्यातल्या काही रस्त्यांवर ९५ डेसिबलवरच्या मोटरसायकलींना बंदी घालता आली. फ्रान्सने आवाज टिपणाऱ्या रडारची चाचणी सुरू केली. दंड १३५ युरो.

आपल्याकडेही आकड्याचे बीज आहे. २०१७ पासून कंपन्यांनी प्रत्येक गाडीच्या फॉर्म २२ मध्ये धुराबरोबर हॉर्नचा आणि धावत्या गाडीचा आवाजही लिहायचा असतो. हा कागद नोंदणीच्या फायलीत जातो आणि तिथेच राहतो. त्याऐवजी उभ्या गाडीच्या आवाजाची मर्यादा आरसीवर छापावी आणि पीयूसी केंद्रात धुराच्या प्रोबशेजारी एक डेसिबल मीटर ठेवावा. इंदोरी लावलेली गाडी तिथेच अडकेल, कानाने न्याय करण्याची वेळ हवालदारावर येणार नाही आणि मूळ सायलेन्सर जपणाऱ्या मालकाला विनाकारण अडवले जाणार नाही. दुकानदारावर कारवाई करायची, तर प्रमाणपत्र नसलेला सायलेन्सर विकणे हाच स्वतंत्र गुन्हा ठरवावा आणि त्याचा दंड गाडीमालकाच्या दंडाहून मोठा ठेवावा.

मोठा आवाज असला की ट्रकवाल्याला आपण दिसतो, जीव वाचतो, असा बुलेटवाल्यांचा एक लाडका युक्तिवाद आहे. सायलेन्सरचे तोंड मागच्या बाजूला असते आणि समोरून येणारा ट्रक समोर. एवढे पाहिले तरी पुरे. रुग्णालयासमोरच्या शांतता क्षेत्रात रात्रीची मर्यादा ४० डेसिबलची आहे. तिथून मध्यरात्री जाणारा कोणता ट्रक चुकवायचा असतो, हे मात्र या मंडळींनी कधी सांगितलेले नाही.