हात धुतले, पण पॅडचे काय?

बोर्डी : मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागू झाली, तेव्हा जुन्या गुडघेदुखीचा रुग्ण काही आठवडे थांबू शकत होता. पक्षाघातातून नुकत्याच बचावलेल्याला ती सवड नव्हती; पहिल्या काही महिन्यांत परत येणारी हालचाल पुढे त्या वेगाने येत नाही. गुजरातच्या सीमेलगतच्या बोर्डीतून असा रुग्ण उपचारांसाठी मुंबईला नेणेही त्या दिवसांत दुरापास्त होते. रेल्वेची प्रवासी वाहतूकच थांबली होती. उपचार जवळपासच्या भौतिकोपचारतज्ज्ञाकडून मिळाले तरच मिळणार होते, आणि म्हणूनच त्याने पाळावयाची संसर्ग नियंत्रणाची शिस्त येथे निर्णायक ठरते.

'दो गज की दूरी' हा सरकारी मंत्र या व्यवसायाला लागू पडणारा नव्हताच. खांदा धरून, कंबरेला आधार देऊन अर्धा-पाऊण तास व्यायाम करवून घ्यायचा, तर अंतर राखणार कोठे? रुग्णाला धाप लागते. छातीतील कफ मोकळा करताना तर त्याला मुद्दाम खोकायला लावावे लागते.

त्यातच माहितीही बदलत गेली. २०२० मध्ये सारा भर थुंकीचे तुषार, हात आणि पृष्ठभाग यांवर होता. हवेतून होणाऱ्या प्रसाराचे महत्त्व पुढे ठळक झाले. केंद्र सरकारच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने मे २०२१ मध्ये खेळत्या हवेचा आग्रह धरला. पहिल्या वर्षीचे धडे गिरवणारा तज्ज्ञ सॅनिटायझर काटेकोरपणे वापरत असेल आणि पडदे लावलेल्या बंद खोलीत वातानुकूलन यंत्रही सुरू ठेवत असेल, तर तो दोष त्याच्या एकट्याचा नव्हे.

खरी गोची मात्र साध्या वस्तूंत आहे. विद्युतोपचाराचे ओलसर स्पंज पॅड एका रुग्णाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर जातात. अल्ट्रासाउंडच्या जेलची बाटली संपली की तीच पुन्हा भरली जाते, तिचे तोंड त्वचेला टेकते. यंत्राच्या टोकावरील जेल आधी पुसल्याशिवाय जंतुनाशक नीट काम करत नाही. हायपोक्लोराइटने धातू गंजतो, म्हणून तेथे अल्कोहोल वापरावे लागते. हे पुस्तकात असते. पण दारात रुग्ण ताटकळत असताना पॅड पूर्ण वाळेपर्यंत थांबायचे, तर पॅडचे दोन-तीन संच हवेत, आणि तो खर्च लहान दवाखान्याच्या माथी येतो.

मोठ्या रुग्णालयांत संसर्ग नियंत्रण समिती असते, परिचारिका टोकतात. एकट्याने चालवलेल्या दवाखान्यात टोकणारे कोणी नसते. राज्यात या व्यवसायाची नोंदणी स्वतंत्र परिषदेकडे होत आली आहे. पण नोंदणी म्हणजे रोजच्या कामाची तपासणी नव्हे. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम दवाखान्यांनाही लागू आहेत. घरी जाऊन उपचार करणाऱ्याने मात्र वापरलेले हातमोजे कोठे टाकायचे, हा प्रश्न बहुधा त्या घराच्या कचऱ्याच्या डब्यातच संपतो. आणि यंत्रांची पिशवी एका अंथरुणावरून उचलली जाऊन पुढच्या घरातील अंथरुणावर ठेवली जाते.