मिठाची शताब्दी, मिठाविना

गांधीजींनी 6 एप्रिल 1930 रोजी दांडीला मूठभर मीठ उचलले, त्याला 2030मध्ये शंभर वर्षे होतील. शताब्दीची चाहूल आपल्याकडे सर्वांत आधी फलक छापणाऱ्यांना लागते. त्यामुळे मीरा-भाईंदरमध्ये तेव्हा काय काय होईल, हे सांगायला ज्योतिषी नको. फलकाच्या कोपऱ्यात गांधीजी असतील आणि उरलेल्या जागेत नेतेमंडळी. शाळकरी मुलांची प्रभातफेरी निघेल. कायदेभंगाच्या स्मरणार्थ निघालेल्या या फेरीला पोलिसांची, वाहतूक शाखेची आणि ध्वनिक्षेपकाची परवानगी रीतसर घेतलेली असेल. व्यासपीठावर ताटलीत मीठही येईल, पुडीतले, आयोडिनयुक्त.

खरे तर या गावाला मीठ दुकानातून आणायची गरज नव्हती. भाईंदर पश्चिमेहून मुर्धा, राई, मोर्वा करत उत्तनकडे निघालात, की रस्त्याकडेला मिठागरे दिसतात. उधाणाचे खारे पाणी आत घ्यायचे, या खणातून त्या खणात फिरवत उन्हात आटवायचे, तळाशी धरलेले मीठ फळीने ओढून बांधावर रास लावायची आणि पावसाआधी सगळे आवरायचे. खाडीकाठच्या कष्टकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हे केले. सत्याग्रहाच्या भाषणात मात्र मीठ पिकवणारा हा माणूस कधी येत नाही. तो व्यासपीठावर नसतोच, समोरच्या खुर्च्यांवरही दिसत नाही.

भाषणात आणखीही काही येत नाही. विलेपार्ल्याची छावणी, वडाळ्याच्या मिठागरांवरील धाडी, 12 मेचा शिरोड्याचा सत्याग्रह हे सारे त्याच 1930 सालचे. पण वक्त्यांची गाडी साबरमतीहून निघते ती थेट दांडीलाच थांबते. इंग्रजांचा मीठकर 1947मध्ये गेला. मग 1953मध्ये आपल्याच संसदेने मिठावर उपकर बसवला, याचा तर उल्लेखही नको. मीठ आयुक्तांचे मुख्यालय जयपूरला आहे, समुद्रापासून शेकडो कोस दूर; त्यामुळे तिथून कोणी कार्यक्रमाला येईल, ही अपेक्षाही नको.

एव्हाना मिठागराकडे जमीन म्हणून पाहायची सवय सर्वांना लागली आहे. कांजूरमार्ग, भांडुप, मुलुंडची सुमारे 256 एकर मिठागरे धारावीच्या पुनर्वसनासाठी द्यायचे 2024मध्ये ठरले. दहिसर-भाईंदर जोडरस्ताही मिठागरांच्या जमिनीतूनच आखला आहे. घरे हवीत, रस्तेही हवेत. लोकलच्या दारात लोंबकळणाऱ्याला ते वेगळे सांगायला नको. पण भरतीचे आणि पावसाचे पाणी पोटात घेणारी ही सपाटी एकदा बुजली, की ते पाणी कुठे जाईल, हे तळमजल्यावर राहणाऱ्यांना विचारा.

खाल्ल्या मिठाला जागायचेच असेल, तर पुतळ्याची आणि प्रवेशद्वाराची निविदा काढण्याआधी महापालिकेने केंद्राशी बोलून एक मिठागर चालते ठेवावे. तिथे काम करणाऱ्यांना पुरेशी मजुरी मिळेल, हे पाहावे आणि दर उन्हाळ्यात शाळांच्या सहली तिथे न्याव्यात. शताब्दीला अजून अवधी आहे. फलक आदल्या रात्रीतही लागतील. बुजवलेले मिठागर मात्र शताब्दीच्या मुहूर्तावर परत आणता येणार नाही.